जनता बिघडली, असे म्हणणाऱ्यांस

गेल्या गणेशोत्सवात आमच्या हैदराबादेतील मराठी मंडळींची एक बैठक झाली. व्याख्यान आटोपले, आरती झाली, आणि खिरापतीबरोबर नेहमीप्रमाणे राजकारणही वाटले गेले. एक सेवानिवृत्त वरिष्ठ अधिकारी खुर्चीवर रेलून म्हणाले, "पुढारी चोर आहेत, हे आता नव्याने सांगावयास नको. पण खरी चिंता जनतेची आहे. जनताच बिघडली! कोणावर म्हणून विश्वास ठेवीत नाही. आज शिव्या देते आहे, उद्या दगड घेईल. या लोकांस वेळीच वेसण घातली पाहिजे." भोवतालच्या दहाबारा माना डोलल्या. त्यांत आमचीही होती. वरिष्ठ बोलत असता डोलण्याची सवय पंधरा वर्षांच्या कारकुनीत मानेसच जडलेली असते. त्यासाठी मनाची संमती घ्यावी लागत नाही. घरी परतल्यावर मात्र मानेचा तो अपराध मनास डाचू लागला, आणि जे उत्तर आम्ही तेथे द्यावयास हवे होते ते येथे देत आहोत.

आरंभीच एक कबुली दिलेली बरी. केंद्र सरकारच्या नोकरांस लागू असलेल्या १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार सरकारच्या चालू अथवा अलीकडील धोरणावर प्रतिकूल टीका करण्यास आम्हांस मनाई आहे. उलट केवळ साहित्यिक स्वरूपाच्या लेखनास पूर्वपरवानगी लागत नाही. हे नियतकालिक साहित्यिक आहे, तेव्हा अर्धे काम झाले. उरलेल्या अर्ध्यासाठी 'अलीकडील' या शब्दाचा योग्य तो मान राखून आम्ही बव्हंशी मागचेच बोलणार आहोत. तसेही आमचे म्हणणे कोणा एका पक्षाविरुद्ध नाही. ज्या प्रदेशात आम्ही पोट भरतो तेथे सत्तेवर असलेल्या आणि नसलेल्या सर्वांनीच त्यास सारखा हातभार लावलेला आहे.

आमचा पहिला प्रश्न असा की, अविश्वास हा रोग केव्हापासून ठरला? ज्या कार्यालयात आमची हयात चालली आहे ते कार्यालय अविश्वासाच्या पायावरच उभे आहे. आम्ही देयक तयार करतो, पण त्यावर आमची सही पुरत नाही. अधीक्षकाची लागते, आणि त्याच्या सहीवर लेखाधिकाऱ्याची. रक्कम आकड्यांतही लिहावी लागते आणि अक्षरांतही, कारण आकड्याचा अक्षरावर विश्वास नाही आणि अक्षराचा आकड्यावर नाही. वर्षाकाठी लेखापरीक्षक येतात, चहा आमचाच पितात आणि आक्षेप आमच्यावरच लिहितात; त्यांस कोणी कृतघ्न म्हणत नाही. आणि ज्या सेवानिवृत्त गृहस्थांनी त्या दिवशी जनतेच्या अविश्वासाबद्दल एवढा शोक केला, त्यांस स्वतःस दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. सरकार त्यांच्या श्वासावरही बारा महिन्यांपलीकडे विश्वास ठेवीत नाही. तरी त्यात त्यांस अपमान वाटत नाही. जनतेने मात्र पुढाऱ्याकडे त्याच्या शब्दाच्या हयातीचा दाखला मागितला की ती बिघडली!

राज्यघटनेची घडणही हेच सांगते. मंत्रिमंडळ लोकसभेस जबाबदार असते, आणि अविश्वासाचा ठराव हा सभागृहाच्या नियमावलीतील एक प्रतिष्ठित विषय आहे. तो मांडणाऱ्यास कोणी दंगलखोर म्हणत नाही. तेव्हा भेद करावयाचा तो विश्वास आणि अविश्वास यांत नव्हे, तर अविश्वासाच्या दोन तऱ्हांत करावयास हवा. एक अविश्वास हिशेब मागतो. तो अर्ज करतो, मोर्चा काढतो, मत देतो, अहवालाची वाट पाहतो. दुसरा अविश्वास हिशेब मागणेच सोडून देतो, आणि मग एके दिवशी त्याच्या हातात काय असेल याचा नेम नसतो. पहिल्याचा दुसरा होतो कसा, हा खरा प्रश्न आहे. आमचे उत्तर असे की, तो आपोआप होत नाही. ज्या खिडकीत त्याने आपला अर्ज द्यावयाचा ती खिडकी कोणीतरी आतून बंद करतो, तेव्हा होतो. आणि ती बंद करणारे हात जनतेचे नसतात.

हे आम्ही कोठे शिकलो? याच शहरात शिकलो. आमच्या बहुतेक वाचकांस तेलंगणाचे आंदोलन म्हणजे बंद पडलेल्या बसगाड्या आणि बुडालेल्या शाळा एवढेच आठवते. त्याचा आवक-जावक तक्ता एकदा नीट मांडून पाहावा.

१९५५ साली फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने असे सुचविले की, तेलंगणाचे हैदराबाद राज्य तूर्त वेगळेच ठेवावे. १९६१ च्या सुमारास होणाऱ्या निवडणुकांनंतर तेथील विधानसभेने दोनतृतीयांश मतांनी संमती दिली तरच ते आंध्रास जोडावे. म्हणजे लोकांस विचारण्याची एक खिडकी आयोगाने ठेविली होती. ती उघडण्यापूर्वीच बंद झाली. २० फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत दोन्हीकडील पुढारी एकत्र बसले आणि त्यांनी एक करार केला. त्यास 'सभ्य गृहस्थांचा करार' असे नाव पडले. मुख्यमंत्री एका प्रदेशाचा असेल तर उपमुख्यमंत्री दुसऱ्याचा असावा, मंत्र्यांचे प्रमाण साठास चाळीस असावे, तेलंगणाच्या महसुलाची शिल्लक तेलंगणातच खर्च व्हावी, नोकऱ्यांत स्थानिकांस संरक्षण असावे, अशी त्यातील कलमे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे राज्य झाले, आणि त्याच्या पहिल्याच मंत्रिमंडळात उपमुख्यमंत्री नव्हता. हातास सहावे बोट कशास हवे, अशा अर्थाचे उद्गार पहिल्या मुख्यमंत्र्यांच्या नावावर येथे अजून सांगितले जातात. कराराची शाई वाळावयास किती दिवस लागतात ते आम्हांस ठाऊक नाही, पण येथे ती वाळण्यापूर्वीच पुसली गेली असे म्हणावयास हरकत नाही. सभ्य गृहस्थांचा शब्द मोडला तर दाद कोणत्या न्यायालयात मागावयाची, हे त्या करारात कोठेही लिहिलेले नव्हते. आम्ही कारकून लोक पाच रुपयांच्या खर्चासदेखील मंजुरीचा क्रमांक मागतो. येथे एका प्रदेशाचे भवितव्य क्रमांकावाचून मंजूर झाले.

येथे घरचीही एक आठवण येते. त्याच दिवशी निजामाच्या जुन्या राज्याचे तीन तुकडे झाले. आमचा मराठवाडा मुंबईकडे गेला. आमचे आजोबा नांदेडचे, उर्दूतून शिकलेले. हैदराबाद ही त्यांची राजधानी होती, आणि आज नातू तेथे परप्रांतीय म्हणून राहतो. १९५३ च्या नागपूर करारातील आश्वासने ते तोंडपाठ म्हणून दाखवीत. पुढे वैधानिक विकास मंडळे व्हावयास १९९४ साल उजाडले, आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. मराठवाड्याने दगड फार उचलले नाहीत. म्हणून त्याचा हिशेब चुकता झाला असे कोणी समजू नये. असो. विषय तेलंगणाचा आहे.

तेरा वर्षे वाट पाहून १९६९ साली उस्मानिया विद्यापीठाची मुले रस्त्यावर आली. गोळीबार झाले. विधानसभेसमोरच्या गन पार्कात त्या वेळच्या मृतांचे स्मारक आहे. ३६९ हा आकडा येथे लोकांच्या तोंडी आहे. तेव्हाच्या वर्तमानपत्री पंडितांनीही जनता बिघडली असेच म्हटले असणार. पण त्या बिघडलेल्या जनतेने पुढे काय केले ते पाहा. दोन वर्षांनी, १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत, ती मुकाट्याने रांगेत उभी राहिली आणि तेलंगण प्रजा समितीस तिने चौदांपैकी दहा जागा दिल्या. इतका कायदेशीर, इतका शांत, इतका निःसंदिग्ध अर्ज कोणत्या जनतेने कोणत्या सरकारकडे केला असेल? आणि त्यावर शेरा काय पडला? त्याच वर्षी समितीच्या पुढाऱ्यांनी समितीच काँग्रेसमध्ये विलीन करून टाकली. ज्यांनी आंदोलनाचे नेतृत्व केले तेच मर्री चेन्ना रेड्डी १९७८ साली त्याच अखंड आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले. मतपेटीतून आलेला अर्ज दप्तरी दाखल झाला. त्या दिवशी या प्रदेशातील माणसाने पुढाऱ्यांविषयी जे मत बनविले, त्यास आम्ही अविश्वास म्हणत नाही. आम्ही त्यास नोंद म्हणतो, आणि ती बिनचूक नोंद आहे.

यापुढचा भाग आमच्या खात्यातला आहे, म्हणून जरा रेंगाळू द्यावे. १९७३ साली सहा कलमी सूत्र निघाले, घटनेत ३७१-डी हे कलम आले, आणि १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने नोकऱ्यांसाठी विभाग पाडले गेले. त्या विभागांचे उल्लंघन करून बाहेरची माणसे नेमली गेली, अशी ओरड झाली. तेव्हा ३० डिसेंबर १९८५ रोजी राज्य सरकारने आदेश क्रमांक ६१० काढला. त्यात असे होते की, अशा नेमणुका झालेल्यांस ३१ मार्च १९८६ पर्यंत त्यांच्या मूळ विभागांत परत पाठवावे. तीन महिने! वाचकांपैकी ज्यांनी एका शिपायाची बदलीची फाईल हलविली आहे ते या मुदतीस हसतील. पण हसण्याचे कारण नाही. आदेश स्पष्ट होता, मुदत स्पष्ट होती, सही होती, क्रमांक होता. १९५६ च्या करारात जे नव्हते ते सर्व येथे होते. तरी २००१ साली, म्हणजे सोळा वर्षांनी, त्या आदेशाचे झाले काय हे शोधण्यासाठी गिरग्लानी यांचा एकसदस्य आयोग नेमावा लागला, आणि त्यांस उल्लंघनांचा ढीगच आढळला. हा आदेश कोणा पुढाऱ्याने फाडला नाही. तो आमच्यासारख्यांच्या टेबलांवर पडून राहिला. कोणी त्यावर 'स्पष्टीकरण मागवावे' लिहिले असेल, कोणी 'यथावकाश सादर करावे' लिहिले असेल. '६१०' हा आकडा पुढे येथील भिंतींवर रंगविला जात असे. एखाद्या सरकारी आदेशाचा क्रमांक खेड्यातल्या पोरासही पाठ व्हावा, यापरता आमच्या धंद्याचा अपमान कोणता? पुढाऱ्यांस चोर म्हणताना आपली बोटे कोठे कोठे होती हे आपण अधिकारी मंडळींनी एकदा चाचपून पाहावे.

आता २००९. त्या वर्षीच्या २९ नोव्हेंबरला चंद्रशेखर राव यांनी उपोषण आरंभिले. ७ डिसेंबरला सर्वपक्षीय बैठक झाली, तीत प्रमुख पक्षांनी तेलंगणास आपला विरोध नसल्याचे सांगितले. ९ डिसेंबरच्या रात्री दिल्लीत केंद्रीय गृहमंत्र्यांनी राज्यनिर्मितीची प्रक्रिया सुरू होईल असे जाहीर केले. रात्र उलटली आणि त्याच पक्षांचे पलीकडच्या प्रदेशातील आमदार राजीनामे घेऊन धावले. २३ डिसेंबरला दिल्लीहून दुसरे निवेदन आले की, परिस्थिती बदलली आहे, व्यापक विचारविनिमय हवा. चौदा दिवस! एकाच पक्षाचा एक पुढारी वरंगळात तेलंगणाची शपथ घेई आणि दुसरा विजयवाड्यात अखंडतेची. दोघांची निशाणी एक, दोघांचा अध्यक्ष एक. पुढाऱ्यांतील वैर वैर म्हणून आपण ज्याची चिंता करतो ते पुष्कळदा असे असते. ते घरातल्या घरात वाटून घेतलेले असते. खालच्या माणसास मात्र कोणी सांगत नाही की हे वाटणीचे वैर आहे. तो ते खरे मानतो.

तो ते कसे खरे मानतो याचा एक देखावा आम्ही डोळ्यांनी पाहिला. २०१० साली नोकरीत लागलो तेव्हा हिशेबांचा मेळ घालण्यासाठी आम्हांस राज्य सरकारच्या एका कार्यालयात वरचेवर जावे लागे. तेथे दोन वयस्क कारकून शेजारच्या टेबलांवर बसत. एक करीमनगरचे, एक गुंटूरचे. वीस वर्षांची शेजारकी. गुंटूरकरांच्या डब्यात गोंगुरा, म्हणजे आपली अंबाडी, असे. आणि ती करीमनगरकरांच्या पानात पहिल्याने पडे. आम्ही नवखे मराठी पोर, म्हणून दोघांच्या डब्यांत आमचा तिसरा वाटा. १३ सप्टेंबर २०११ रोजी सर्व जनांचा संप सुरू झाला. शिक्षक, खाणकामगार, सरकारी नोकर मिळून तो ४२ दिवस चालला. संप संपल्यावर आम्ही पुन्हा त्या कार्यालयात गेलो, तो दोन्ही टेबलांच्या मध्ये एक लोखंडी कपाट आणून उभे केलेले! कोणी आणले, ते विचारण्याचा धीर झाला नाही. कागद करीमनगरकरांनी तपासावयाचा, मग शिपायाने तो कपाटास वळसा घालून गुंटूरकरांकडे न्यावयाचा. अंतर चार हातांचे. त्या दिवशी दोघांनीही आम्हांस जेवावयास बोलाविले, आणि दोघांनीही निराळ्या वेळी.

२ जून २०१४ रोजी राज्य झाले. कमलनाथन समितीने कर्मचाऱ्यांची वाटणी केली, गुंटूरकर पलीकडे गेले, आणि निवृत्तही झाले असतील. आता वरच्यांचे काय झाले ते पाहा. ज्यांनी आंदोलनास कडवा विरोध केला होता त्यांपैकी काहीजण नव्या राज्याच्या मंत्रिमंडळात, आंदोलनाच्याच पक्षातर्फे, दिसू लागले. एक तर दुसऱ्या पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेला आमदार तसाच मंत्री झाला. २०१६ साली तेलुगु देशमच्या बहुतेक आमदारांचा गट सत्ताधारी पक्षात विलीन झाला. जून २०१९ मध्ये काँग्रेसचे बारा आमदार त्याच वाटेने गेले. २०२३ च्या डिसेंबरात मतदारांनी सत्ता बदलली, तेव्हा पारडे फिरले. गेल्या दहा वर्षांत ज्या पक्षाने आमदार गिळले त्याचेच दहा आमदार नव्या सत्तेकडे गेल्याची तक्रार झाली, आणि ३१ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयास सभापतींना सांगावे लागले की तीन महिन्यांत निर्णय द्या. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ चा आहे, म्हणजे आदेश ६१० चाच समवयस्क. आणि प्रकृतीही त्याच्यासारखीच. पुढाऱ्यांच्या वैरास असा परतीचा रस्ता नेहमी मोकळा असतो. सामान्य माणसाच्या वैरास तो नसतो. त्या कार्यालयात आम्ही गेल्या वर्षी गेलो होतो. करीमनगरकरांच्या जागी एक तरुण मुलगी बसते. कपाट तेथेच आहे.

आम्हांवर आक्षेप येईल की, हा हिंसेचा कैवार झाला. मुळीच नाही. १० मार्च २०११ रोजी हुसेनसागराच्या बांधावर जमावाने तेलुगु कवी-साहित्यिकांचे पुतळे फोडले. दुसऱ्या दिवशी आम्ही तेथून गेलो, तेव्हा पोटात कालवले. ज्यांनी कोणताही करार केला नव्हता, आणि म्हणून मोडलाही नव्हता, अशा बिचाऱ्या कवींवर तो राग निघाला. ते कृत्य निंद्य होते, आणि ज्यांनी केले ते अपराधीच. पण अपराध्यास अपराधी म्हणणे निराळे आणि चार कोटी माणसांस बिघडलेले म्हणणे निराळे. आणखी एक गोष्ट त्याच महिन्यातली आहे, ती आमच्या अधिकारी वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी.

केंद्राने २०१० च्या आरंभी न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणारे हेच ते न्यायमूर्ती. तो अहवाल त्यांनी १९९८ साली दिला आणि तेव्हाच्या राज्य सरकारने तो फेटाळला. तेलंगणाच्या समितीने हिंडून, हजारो निवेदने वाचून, ३० डिसेंबर २०१० रोजी साडेचारशेहून अधिक पानांचा अहवाल सादर केला, त्यात सहा पर्याय मांडले. जानेवारीत तो प्रसिद्ध झाला. लोकांनी उघडून पाहिले तो आठवे प्रकरण नाही! विषय कोणता? कायदा, सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षितता. त्या जागी एवढेच छापलेले की, याविषयीचे टिपण गृहमंत्रालयास स्वतंत्र लखोट्यात सादर केले आहे. म्हणजे लोक काय काय करतील याचा अंदाज लोकांपासून लपवून ठेवला. मार्च २०११ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी त्या गुप्त टिपणावर कडक ताशेरे ओढले, तेव्हा कळले की वृत्तपत्रांस आणि राजकीय पक्षांस कसे हाताळावे याचाही उपदेश त्यात होता. आम्ही त्या काळी चहाच्या टपऱ्यांवर जे ऐकले ते असे: सात प्रकरणे आमच्यासाठी, आठवे आमच्याविरुद्ध. याहून नेमका शेरा कोणत्या सचिवास लिहिता आला असता? समितीच्या उरलेल्या साडेचारशे पानांत पुष्कळ परिश्रम होते, आकडे होते, प्रांजळपणाही होता. एका मोहोरबंद लखोट्याने तो सर्व वाया घालविला. शेवटी १८ फेब्रुवारी २०१४ रोजी लोकसभेत राज्यनिर्मितीचे विधेयक संमत झाले तेही दारे बंद करून. थेट प्रक्षेपणही नेमके त्याच वेळी थांबले, आणि ते तांत्रिक बिघाडामुळे थांबले असा खुलासा झाला. खुलासा खराही असेल. पण अठ्ठावन्न वर्षांचा अनुभव गाठी असलेल्या माणसाने तो खरा का मानावा, हे कोणी आम्हांस सांगेल काय?

इंदिरा पार्कजवळ 'धरणा चौक' म्हणून एक जागा आहे. ज्यास जे दुःख असेल त्याने तेथे येऊन बसावे, घोषणा द्याव्यात आणि संध्याकाळी घरी जावे, अशी या शहराची वहिवाट. आमच्या मते हैदराबादेतील सर्वांत उपयुक्त सरकारी खिडकी तीच. २०१७ साली तेथे बसण्यास मनाई झाली. मनाई कोणी केली? जो पक्ष धरणी धरून, उपोषणे करून, रस्ते अडवून सत्तेवर आला होता त्याच्याच सरकारने. गावाबाहेर लांब जागा देऊ, तेथे बसा, असे सांगण्यात आले. म्हणजे रडावयाचे तर शेजाऱ्यास ऐकू येणार नाही अशा बेताने रडा. २०१८ साली उच्च न्यायालयाने ती जागा पुन्हा मोकळी करून दिली. आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी, केंद्राच्या भातखरेदीच्या धोरणाविरुद्ध, स्वतः मुख्यमंत्री चंद्रशेखर राव आपल्या मंत्र्यांसह त्याच चौकात धरणे धरून बसले! आम्ही त्या दिवशी मुद्दाम वाट वाकडी करून गेलो. बंदोबस्त मोठा होता, मंडप उत्तम होता. जागा कोणासही उपयोगी पडते, एवढे तरी सिद्ध झाले.

म्हणून आमची त्या सेवानिवृत्त गृहस्थांस आणि त्यांच्याबरोबर माना डोलावणाऱ्यांस, म्हणजे आमच्या स्वतःच्या मानेसही, विनंती आहे की, 'सगळे चोर' हे आपले आवडते वचन आता पुरे करावे. सगळे चोर म्हणणारा माणूस एकाही चोराचे नाव सांगण्यातून सुटतो. बदलीच्या गावी आपले नाव मतदारयादीत नसते, मूळ गावी असले तर मतदानास रजा काढून जावयाचे नसते. मुलास परदेशी पाठविण्याची खटपट चालू असते. आणि अशा स्थितीत जनतेच्या अविश्वासावर प्रवचन करावयाचे! जनतेचा अविश्वास निदान उन्हात उभा राहतो. आपला पंख्याखाली बसून लाडू खातो. दोहोंपैकी बिघडलेला कोणता, याचा निर्णय वाचकांवर सोपवितो. कोणाच्या हातात वेसण द्यावयाची हे ठरविण्यापूर्वी, आपल्या टेबलावर कोणते ६१० पडून आहे ते आपण पाहावे, आणि कोणते आठवे प्रकरण आपण लखोट्यात घालीत आहोत तेही पाहावे.

आमच्या गच्चीवरील खोलीत एक मुलगा राहतो. आदिलाबाद जिल्ह्यातला, घरी मराठी बोलणारा, वय २९. राज्याच्या गट-एक परीक्षेसाठी तो येथे आला. 'नीळ्ळु, निधुलु, नियामकालु', म्हणजे पाणी, पैसा आणि नेमणुका, ही आंदोलनाची घोषणा त्याने शाळेत असताना दिलेली आहे. तिसरा शब्द त्याच्या वाट्याचा होता. त्याने एकच प्राथमिक परीक्षा तीनदा दिली. १६ ऑक्टोबर २०२२ ची प्रश्नपत्रिका फुटल्याने रद्द झाली. ११ जून २०२३ ची उच्च न्यायालयाने रद्द ठरविली. ९ जून २०२४ ला तो तिसऱ्यांदा बसला. मधल्या काळात सरकार बदलले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुख्य परीक्षेच्या वेळी आरक्षणाच्या एका आदेशावरून अशोकनगरात मुले रस्त्यावर आली, तेव्हा तोही गेला होता. रात्री उशिरा परतला. शर्टाची बाही फाटलेली. आम्ही काही विचारले नाही. पोळीभाजी वर पाठवून दिली.

थोड्या वेळाने तोच खाली आला. हातात एक इंग्रजी अर्ज. "दादा, तुम्ही सरकारी माणूस. एवढा बघून द्या. उद्या आयोगात देणार आहे." आम्ही चष्मा लावला. अर्ज चांगला होता. दोन ठिकाणी विनंतीच्या जागी मागणी झाली होती ती आम्ही सवयीने विनंती केली. मग लाज वाटून एका ठिकाणी पुन्हा मागणी केली. तो बघत होता. म्हणाला, "खाली ते युवर्स फेथफुली म्हणजे आपले 'आपला विश्वासू'च ना? ते लिहिलंच पाहिजे का?"

"नमुन्यात आहे," आम्ही म्हणालो.

त्याने लिहिले, सही केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तो बारनिशीच्या खिडकीपुढे जाऊन उभा राहिला.